भात कापलं आणि पाऊस आला. आता ऊस लावू का?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, खानापूरच्या हद्दीजवळ एका ताईंची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, आता शहरातली नोकरी सांभाळून त्याच शेती बघतात. गेल्या सुगीत भात कापून शेतात पसरलं होतं, तीन दिवस पाऊस लागला आणि लोंब्यांना कोंब आले. पुढं एप्रिलात विहीर तळाला गेली. शेजारी म्हणतात ऊस लावा, कटकट मिटेल. सासरचे जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या अथणीकडचे, ते म्हणतात, ‘तुमच्याएवढा पाऊस आमच्याकडं पडला असता तर आम्ही सोनं पिकवलं असतं.’ ताई विचारतात, ऊस लावू का, की जमीन खंडानं देऊन मोकळी होऊ?

ताई, एप्रिलात जिचा तळ दिसतो त्या विहिरीवर ऊस लावायचा नसतो. एवढं उत्तर एका ओळीत देता येतं. पण तुमची खरी अडचण ती नव्हे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात. नोव्हेंबरात नको असताना पाणी आलं आणि एप्रिलात हवं असताना मिळालं नाही. बघायला गेलं तर दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं : भात कापल्यापासून त्याच रानात रब्बीची पेरणी होईपर्यंत जे दिवस जातात, तिथं. त्या दिवसांत कापलेलं भात उघड्यावर पडून असतं, म्हणजे पावसाच्या तोंडी असतं. आणि त्याच दिवसांत जमिनीतली ओल उन्हानं आणि वाऱ्यानं उडून जात असते. ती ओल म्हणजे पावसाळ्यानं फुकट भरून दिलेली टाकी. ती वाया घालवायची आणि मग एप्रिलात विहिरीला नावं ठेवायची, असं आपल्या भागात बऱ्याच जणांचं चाललेलं असतं. माझंही बरीच वर्षं चाललं होतं.

आता ‘अवकाळी’ या शब्दाबद्दल. कापणीच्या वेळी आला म्हणून आपण त्याला अवकाळी म्हणतो, पण ऑक्टोबर ते डिसेंबर इथं कधी ना कधी पाऊस पडणं हे जुनंच आहे. नैऋत्य मोसमी पाऊस परतला की दक्षिणेत ईशान्य मोसमी सुरू होतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्याला धडकतात, आणि त्यांची ओली हवा कधी कधी पठार ओलांडून आपल्यापर्यंत येते. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याचा उरलासुरला भाग पुढच्या दोन-तीन दिवसांत दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडं सरकला. याउलट ५ डिसेंबर २०२३ ला मिचाँग आंध्रात बापटलाजवळ जमिनीवर आलं आणि उत्तरेकडं गेलं. म्हणजे चेन्नईची बातमी आली की दर वेळी आपल्याकडं पडतोच असं नाही. पण बातमी आली की ताडपत्र्या कुठं आहेत, कुठली फाटली आहे, हे बघायला दोन दिवस मिळतात. पाऊस नाही आला तर ताडपत्रीची घडी परत घालायची, त्यात काय जातं?

अंदाज बघतानाही आपली सीमाभागाची एक गंमत आहे. आपण मराठी बातम्या बघतो, त्यात कोल्हापूर-सांगली ‘मध्य महाराष्ट्र’ या विभागात येतात. आपला जिल्हा हवामान खात्याच्या हिशोबात ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’मध्ये येतो. गोवा ‘कोकण-गोवा’मध्ये. तुमचं शिवार या तिन्हींच्या सांध्यावर आहे. मराठी वाहिनीनं कोल्हापूरला पिवळा इशारा सांगितला म्हणून तुम्ही घाबरायचं आणि आपल्या जिल्ह्याचा इशारा कन्नडमध्ये आला म्हणून तो नजरेतून सुटायचा, असं होतं. मी सुगीत तिन्ही बघतो. शिवाय कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पातळीवर पर्जन्यमापक बसवलेले आहेत, त्यांची आकडेवारी राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राकडं जमा होते, आणि ‘वरुणमित्र’ या मदतवाणीवर फोन करून आपल्या भागाचा अंदाज विचारता येतो. ‘मेघदूत’ अॅप मराठीतही चालतं. यातलं काहीही शंभर टक्के खरं ठरत नाही. पण आज कापू की परवा, एवढं ठरवायला पुरतं.

माझी फजिती सांगतो. २०२१ च्या नोव्हेंबरात कर्नाटकात जागोजागी असाच पाऊस झाला. मजूर मिळाले म्हणून मी दोन दिवसांत सगळं रान आडवं करून घेतलं होतं. आमच्याकडची जुनी रीत अशी की कापलेलं भात तीन-चार दिवस शेतातच वाळवायचं, मग पेंढ्या बांधायच्या, मग गंजी. मी आपला निवांत होतो. दुसऱ्या रात्री पत्र्यावर थेंब वाजायला लागले तेव्हा घरातली सगळी कंदील-बॅटऱ्या घेऊन धावलो. जे उचललं ते वाचलं, ते फार नव्हतं. बाकीच्याचा भाव कोंबानं गेला आणि पिंजर काळी पडली, म्हशींनी नुसती हुंगून सोडली. दोन दिवसांत सगळं कापायला मिळालं म्हणून मी खूश होतो आणि नेमकं तेच नडलं. एकदम कापलेलं एकदमच भिजतं.

त्यानंतर आम्ही जे करतो ते असं. सगळ्या रानात एकच जात लावत नाही. वरच्या, लवकर वाळणाऱ्या पट्टीत हळवी जात आणि खालच्या पाणथळ पट्टीत निमगरवी किंवा गरवी. हळवी साधारण ११० ते ११५ दिवसांत हाताशी येते, गरवी १४० दिवसांच्या पुढं जाते. त्यामुळं कापणी दोन-तीन टप्प्यांत होते आणि कुठल्याही एका रात्री सगळं भात जमिनीवर नसतं. बासमतीच्या वासाचा मोह मला कळतो, आपल्या भागाचं ते नावच आहे. पण तीनही एकरात गरवी बासमती लावून नोव्हेंबरच्या मध्यावर सगळी सुगी आणून ठेवणं म्हणजे जुगार. घरच्यापुरती एका वाफ्यात लावा.

टप्पा कापला की त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पेंढ्या बांधून बांधावर किंवा खळ्यावर उचलायच्या. पेंढ्या अर्धवट ओल्या असतात, म्हणून लगेच घट्ट गंजी रचायची नाही. आत वाफ धरते, दाणा तांबूस होतो. चार-चार पेंढ्या एकमेकींना टेकून उभ्या करायच्या, लोंब्या वर, मधून वारा खेळेल अशा. आभाळ भरलं तर वरून ताडपत्री, खालून मोकळं. गंजी रचताना तळाला दगड किंवा लाकडं आणि लोंब्या आतल्या अंगाला. हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं, आपण मजुरी वाचवायला सोडलं. मजुरी जास्त लागते हे खरंच आहे, आणि तुम्ही शहरात असता, तुमच्याकडं त्या दिवशी चार माणसं आहेत का यावर बरंच अवलंबून आहे. नसतील तर कापणी-मळणी एकदम करणारं मशीन भाड्यानं घ्या. त्याला रान घट्ट लागतं, पाणथळ पट्टीत ते रुततं, आणि पिंजर तुटून निघते. घरी जनावर नसेल तर ते नुकसान तुमचं नाही. मशीननं काढलेलं भात मात्र ओलं असतं. ते पोत्यात भरून ठेवू नका, अंगणात पातळ पसरून वाळवा. दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आला की साठवा. दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, ही आमची जुनी मोजणी.

एवढं करूनही भिजलंच तर? उभ्या किंवा कापलेल्या लोंब्यांवर मिठाचं पाणी मारतात, लिटरला ५० ग्रॅम मीठ, म्हणजे ५ टक्क्यांचं द्रावण. त्यानं कोंब फुटायचे लांबतात. मी एकदा मारलं, उपयोग झाला. बियाण्यासाठी राखलेल्या भाताला मारत नाही. आणि कोंब फुटून गेल्यावर मारून काही होत नाही, हे आधीच सांगतो.

आता त्याच दिवसांची दुसरी बाजू. रान मोकळं झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नांगर-कुळव फिरवून मसूर किंवा वाटाणा टाकायचा. आपल्या काळ्या, चिकण जमिनीत भातानंतर जी ओल राहते तिच्यावर मसूर एकही पाणी न देता येतो. बेळगावच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय : भात, त्यामागं मसूर, वाटाणा, हरभरा, कडेला मोहरी नाहीतर जवस. पण भात वाळत पडलंय म्हणून आठ-दहा दिवस रान अडलं की वरची चार बोटं सुकतात आणि बी उगवत नाही. मग लोक म्हणतात यंदा ओलच कमी होती. ओल होती हो, आपण तिच्यावर भात वाळत घातलं होतं.

तुमची जमीन तांबडी, जांभ्याची असेल तर हे गणित बदलतं. त्यात ओल टिकत नाही. तिथं भातानंतर रताळ्यासारखं काही करायचं तर पाणी लागेलच, किंवा बांधावर काजू लावून बाकी रान मोकळं ठेवणं बरं. तुम्ही जमिनीचा रंग लिहिलेला नाही, म्हणून दोन्ही सांगितलं.

मसूर-वाटाणा केल्यावरही डिसेंबरातला पाऊस छळतोच. दोन दिवस आभाळ राहिलं की मावा चढतो, धुकं पडलं की वाटाण्यावर भुरी. हरभऱ्याची आंब पावसानं धुतली की घाटेअळी वाढते असं आमच्याकडं म्हणतात. काजू-आंब्याच्या मोहराचंही तसंच. यावर मोठा उपाय नाही. पातळ पेरा, वारा खेळू द्या, आणि आभाळ आलं म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नका. आधी पाला उलटून बघा.

आता ऊस. शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. नोव्हेंबरच्या पावसानं उसाचं काही बिघडत नाही, उलट एक पाणी वाचतं. पण हिशोब मांडू. उसाला वर्षभरात पावसासह १५०० ते २५०० मिमी पाणी लागतं. पावसाळ्यातलं सोडून द्या. डिसेंबर ते मे हे सहा महिने धरू आणि दिवसाला सरासरी फक्त ४ मिमी लागतं असं मानू, उन्हाळ्यात त्याहून जास्तच लागतं. १८० दिवसांचे झाले ७२० मिमी. एकरी २९ लाख लिटर. तीन एकरांचे ८७ लाख. ठिबक केलं तर त्यातलं काही वाचेल. पण तुमची विहीर एप्रिलात तळाला जाते ती तेवढं पाणी न उपसताच. मग लोक बोअर मारतात, तीही उन्हाळ्यात धापा टाकते, मग दुसरी. हे मी आमच्या गावात बघितलंय, आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय ते कर्ज अजून फेडताहेत.

शिवाय आपल्या बाजूला पाऊस झाला की उसाच्या फडात गाडी जात नाही, तोडणी टोळी दुसरीकडं निघून जाते, आणि ऊस रानात उभा राहून वजन घटवतो. म्हणजे सुगीचा घोर नोव्हेंबरातून उचलून फेब्रुवारीत नेऊन ठेवायचा. खानापूरच्या बाजूला गवे आणि रानडुकरं उसात कशी शिरतात हे तुम्हाला मी सांगायला नको. कालव्याचं किंवा नदीचं खात्रीचं पाणी असेल तर माझं म्हणणं मागं घेतो.

तुमच्या सासरच्यांचं म्हणणं मात्र मला आवडलं. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला जेवढं कोसळतं त्याच्या पाचव्या हिश्शाएवढंही अथणीत पडत नाही. त्याच कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडं कोरड्या मुलखात जाते. अथणीचा तर कमालच नमुना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तालुक्यातली कृष्णाकाठची गावं पाण्याखाली होती, तेही कोयना, वारणा, पंचगंगेकडून आलेल्या, महाराष्ट्रात पडलेल्या पावसाच्या पाण्यानं. आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेची गावं टँकरची वाट बघणारी. तिथला माणूस पाणी साठवायला शिकलाय कारण त्याला पर्याय नव्हता. शाळू पेरताना तो परतीच्या पावसाची ओल जपतो, कडब्याची गंजी दोन वर्षांचा विचार करून रचतो. आपण पश्चिमेकडचे लोक पाऊस धो-धो बघून मोठे झालो, त्यामुळं साठवायची सवयच लागली नाही. २०२३ नं ती खोड जिरवली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि कर्नाटकानं २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. भाताच्या वाफ्यांना भेगा पडलेल्या आमच्या शिवारानं क्वचितच बघितल्या होत्या.

म्हणून शेततळं. २१ मीटर लांब, तेवढंच रुंद, ३ मीटर खोल, बाजूंना पुरेसा उतार दिला तर त्यात साधारण ९ ते १० लाख लिटर पाणी मावतं. एक एकराला एक इंच पाणी द्यायला एक लाख लिटर लागतात. म्हणजे उडून जाणारं वजा करून दोन एकराला दोन-दोन इंचांची दोन पाणी. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस उघडीप पडली तर भात वाचवायला, किंवा जानेवारीत वाटाण्याला फुलात एक पाणी द्यायला हे पुरतं. तीन एकर उसाला मात्र ते वीस दिवसांचा घोट. तांबड्या जमिनीत तळं जिरतं, प्लास्टिकचा कागद घालावा लागतो. काळ्या जमिनीत तळाला घट्ट चिकण माती लागली तर कागदाशिवायही चालून जातं. ‘कृषी भाग्य’ योजनेत अनुदान असतं, यंदा तुमच्या तालुक्यात कुणाला मिळतंय ते कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात विचारा.

तळ्याची जागा रानाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात घ्या. आणि वरच्या अंगाचं पाणी आधी विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवून मग तळ्यात जाईल असा चर काढा. गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका. गाळानं झरे बुजतात, मी बुजवून बसलोय एकदा. घराच्या पत्र्याचंही सोडू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर १२०० मिमी पाऊस पडला तर लाख लिटरच्या वर पाणी होतं. त्यातलं १५ हजार लिटरचं टाकं भरून ठेवलं तरी दोन म्हशींचा उन्हाळा निघतो.

आता कंटाळवाणा पण महत्त्वाचा भाग, कागद. वडील गेले म्हणालात. उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे का? असेल तर वारसा नोंद, कचेरीत ज्याला पौती खातं म्हणतात, ती आधी करून घ्या. त्याशिवाय तुमच्या नावानं फ्रूट्स आयडी, म्हणजे सरकारकडचा शेतकरी नोंदणी क्रमांक, निघणार नाही, आणि तो नसेल तर पीकविमा, दुष्काळाची मदत, तळ्याचं अनुदान, कशातच नाव येत नाही. पीक पाहणीच्या अॅपवर भात आणि मागचं मसूर दोन्ही नोंदवलंय ना हेही बघा. उताऱ्यावर पडीक आणि रानात पीक, अशानं मदत हुकलेली माणसं गावोगाव आहेत.

पीकविम्यात खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता २ टक्के, रब्बीला दीड टक्के. तुमच्या ग्रामपंचायतीत भात अधिसूचित आहे का, आणि कापणीनंतरचं नुकसान त्यात धरलंय का, हे भरण्याआधी विचारा. कारण ते दर ठिकाणी सारखं नसतं. धरलेलं असेल तर कापून शेतात वाळत घातलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत अवकाळी पावसापासून संरक्षण मिळतं. अट एकच, ७२ तासांत कळवायचं. मी २०२१ ला पाचव्या दिवशी कळवलं. आधी भात उचलू, मग कागद बघू, असं म्हणत बसलो. अर्ज परत आला आणि त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. आता पाऊस थांबला की पहिला फोन विम्याला, मग तारीख दिसेल असे फोटो, मग भात.

विजेचंही सांगून ठेवतो. वळवात आणि हस्ताच्या पावसात दुपारनंतर आभाळ काळवंडलं की मजुरांना झाडाखाली थांबू देऊ नका, ‘दामिनी’ अॅप फोनवर ठेवा. शेतात दुपारचं काम राहिलं तर राहू दे.

खंडानं द्यायचं म्हणाल तर ते तुमच्या वेळेवर आहे, त्यात मी पडत नाही. फक्त आधी एक वर्ष या पद्धतीनं स्वतः करून बघा. हळवी आणि गरवी दोन्ही लावून बघा, कापणीच्या टप्प्यांपुरती रजा राखून ठेवा. भाऊबंद किंवा शेजारी मदतीला येतील की नाही हे तुम्हालाच माहीत.

उत्तर दिलंत तर दोन गोष्टी कळवा. जमीन काळी की तांबडी, आणि पाणथळ पट्टीत नोव्हेंबरात पाय किती रुततो. आणि विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून दर महिन्याच्या एक तारखेला पाणी किती हात आहे ते लिहून ठेवा, आत्तापासूनच. दिवाळीपासून होळीपर्यंत ते कसं उतरतंय हे दिसलं की तळं हवं की नुसता चर पुरे, ते नेमकं सांगता येईल.